नावं ठेवणं

मेरिसव्हिलभोवतीचं सोयाबीन निघालं
की वारा अडवायला काही उरत नाही.
तो थेट कारखान्याच्या पार्किंगमध्ये घुसतो.
आमची खोली तरीही मुकी.
भिंतींना फोमचे सुळे,
आत उभं राहिलं की स्वतःचं गिळणं ऐकू येतं.

माझं काम: दार लागण्याचा आवाज.
आईला फोनवर तीनदा सांगून झालं.
"म्हणजे दार बनवतेस?"
नाही गं, दार दुसरे बनवतात.
मी त्याचं धप्प बनवते.
"आणि त्याचे पैसे देतात?"
देतात.

सोळा वर्षं कपाटात पडलेलं नाव
परत आणायचं वरून ठरलं.
ती गाडी ना श्रीमंतांची, ना आपली;
इस्त्रीचा शर्ट, पण बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या.
पहिल्या बऱ्या पगारात लोक ती घेत
आणि घाटात नसलेली वळणंही घाटासारखी घेत.
नव्या गाडीला ते नाव ठेवलं,
फोटो बाहेर गेला,
आणि त्याच रात्री सगळे नावं ठेवू लागले.
पाच दारं कशाला?
स्वस्तातल्या बहिणीचाच सांगाडा, वर जरीचा काठ.
गिअर पडत नाहीत, लोण्यासारखे घसरतात.

मोरिकावांना मी समजावलं,
आमच्यात दोन्हींना क्रियापद एकच,
फरक एका अनुस्वाराचा.
ते हसले नाहीत. वहीत टिपून घेतलं.

तुलनेला जुनी गाडी हवी होती.
संग्रहालयातली निकामी,
तिचं दार वर्षानुवर्षं कुणी आपटलेलंच नाही.
मग वेंडेल प्रायर आला.
वेल्डिंगमधून निवृत्त, दोन्ही कान कारखान्याला देऊन बसलेला.
त्याची गाडी चौऱ्याण्णवची, मोरपिशी
(म्हणजे मोराने हरकत घेतली नाही तर),
चाकांवरच्या कमानी ओहायोच्या मिठाने खाल्लेल्या,
दोन लाख एक्क्याऐंशी हजार मैल,
मागच्या सीटवर कुत्र्याचे केस,
कुत्रा जाऊन नऊ वर्षं.

मायक्रोफोन लावले. खूण केली.
त्याने दार लोटलं.
ठण्ण.
हळदीच्या डब्याचं झाकण,
मागोमाग काचेची थरथर,
आणि सगळं शांत झाल्यावर, उशिरा,
पट्ट्याचं बक्कल प्लास्टिकवर: टक्.
पडद्यावर निवडुंगासारखी रेघ.
जे जे पुसायला मला पगार मिळतो
ते सगळं तिच्यात होतं.

"आलं का?" त्याने विचारलं.
त्याचा तळहात टपावर होता.
"मी इथून ऐकतो. लागलं की हाताला कळतं."

मग नवी आणली, काळ्या-पांढऱ्या चट्ट्यांच्या कागदात गुंडाळलेली.
त्याने टपावर हात ठेवला, दार लोटलं.
धप्प.
माझं दोन वर्षांचं धप्प, गोल, मऊ, महाग.
वेंडेल थांबून राहिला.
"लागलं?"
पुन्हा उघडलं. पुन्हा लोटलं.
हात टपावरून हलवून बघितला,
नाडी सापडत नसलेल्या डॉक्टरसारखा.
"लागलं का पण?"

जानेवारीत, कुणी न विचारता,
दाराच्या पोटातली एक पट्टी
मी चार सेंटिमीटरनं आखूड केली.
अहवालात कारण लिहिलं: वजन.
आलेखावर एक बारीक काटा उगवला.
मोरिकावांनी तो पाहिला, चष्मा पुसला, सही केली.

मे महिन्यात पहिल्या गाड्या बाहेर आल्या.
वेंडेलनं घेतली नाही. या वयात हप्ते कोण भरणार?
पण पार्किंगमध्ये आला, मोरपिशीतून उतरला,
नवीच्या टपावर तळहात ठेवून
दार लावलं एकदा.
दुसऱ्यांदा लावलं नाही.

मी वाट पाहत होते.
तो म्हणाला, पाच दारं कुणासाठी?
म्हणाला, ही जाळी बघ, जबडा पडल्यासारखी.
म्हणाला, आणि याला तुम्ही लोक निळा म्हणता?
वारा त्याची टोपी ओढत होता,
तो नावं ठेवत होता,
आणि हात
टपावरून काढत नव्हता.