उरलेले बांगडे

दाभोळच्या फेरीबोटीतून सायकल उतरवली
तेव्हा धोपाव्याच्या धक्क्यावर
ओल्या जाळ्यांच्या ढिगावर एक मांजर झोपलं होतं.
त्यानं माझ्या सत्तावीस गिअरांकडे
एकच डोळा उघडून पाहिलं.

सायकल मुलाची. तो आता रॉटरडॅमला,
तिथे म्हणे चढच नाहीत.
काम लॉजवाल्या साळवींचं:
पुण्याची पोरं येतात जाड टायर घेऊन,
त्यांना डांबर नको असतं,
डोंगरातल्या वाटा लिहून द्या, भाऊ.
तक्त्यात चार रकाने.
वाट. लांबी. चढ. अवघडपणा.

तीस वर्षं तलाठी होतो.
या डोंगराचा सातबारा मला पाठ,
पण सातबाऱ्यात चढ लिहीत नाहीत.

पहिला चढ जांभ्याचा.
लाल धूळ दातांत कुरकुरते.
बसून पायडल मारावं तर पुढचं चाक उचलतं,
उभं राहून मारावं तर मागचं घसरतं,
म्हणून मी मधल्या कुठल्यातरी
लाजिरवाण्या अवस्थेत, ओणवा,
जीभ बाहेर,
गडग्यापलीकडच्या काजूच्या मोहोराला
नमस्कार घालत निघालेला.
एका म्हशीनं वाट दिली.
दुसरीनं दिली नाही.

आणि मग चढ संपतो, एकदम,
कुणी वाक्य अर्ध्यात सोडावं तसा.
सडा.
वाळलेलं गवत, काळा कातळ, वारा,
आणि खाली, फार खाली,
समुद्राची एक पांढुरकी रेघ.
सर्व्हे नंबर एकशे बारा. पोटखराबा.
मीच लिहीत आलो दरसाल, त्याच शाईनं.
पोटखराब्यावर टिटवी अंड्यांवर बसली होती,
माझ्यावर ओरडली ती
अगदी खातेदारासारखी.

उताराला करवंदीच्या काट्यानं घात केला.
पंपही होता, पान्हाही,
फक्त पंक्चरची चिकटपट्टी घरी, टीव्हीवर.
पुढे पाखाडी. दोनशे चौदा पायऱ्या,
मोजल्या मी, सवयच ती,
प्रत्येक पायरी मधोमध झिजलेली,
पाणी साठेल इतकी.
सायकल खांद्यावर घेऊन उतरलो.

शेवटच्या पायरीशी खारवीवाडी.
अनसूया डोर्लेकर सुकट वाळत घालत होती.
"काय रं भाऊ, तू सायकलीव बसतोस
का सायकल तुज्याव?"

पाणी दिलं. गूळ दिला.
मी तक्ता काढून विचारलं,
ही वाट सोपी लिहू, मध्यम की कठीण?
तिनं सुकटीवरचा कावळा हाकलला.
"चडायला सोप्पी.
डोक्याव टोपली भरल्याली, म्हावरा ताजा,
वरच्या गावात तांदूळ मिळनार, पाय आपसूक चालायचं.
उतरताना बग.
टोपली रिकामी आसली तर उडत यायची मी.
पन धा-बारा बांगडं उरलं,
उन्हानं डोळं पांडरं झालेलं,
का मग ह्यी घाटी सरता सरायची नाय."

मी पेन्सिल धरून बसलो.
साळवींच्या तक्त्यात
उरलेल्या बांगड्यांना रकाना नव्हता.

ती तोवर सायकल तपासत होती.
चाक फिरवलं, फटी मोजल्या बोटांनी,
सीटवर थाप मारली, म्हशीला मारावी तशी.
"घंटी नाय व्हय हिला?"
नाही. असल्या सायकलींना नसते.
"मंग मानसांना कळायचं कसं, तू आलास?
आमी वरच्या वळनावरनंच आरडायचो. कुत्री पन वळकायची."

अवघडपणा अजून कोरा आहे.
साळवींचे दोन फोन येऊन गेले.
सोमवारी गुहागरच्या बाजारात
इरफान परकारच्या दुकानातून
पितळी घंटी बसवून घेतली, साठ रुपये.
तो हसला: काका, ह्या हँडलला शोभत नाही ही.
नाही शोभत.

त्या वळणावर वाजवून पाहिली.
खालून एक कुत्रं भुंकलं,
मग, जरा वेळानं, दुसरं.