भिंत ओली आहे

कुडचड्याच्या हॉलात उत्तरेकडे एक भिंत आहे.
खरं तर अर्धी फी तिलाच द्यायला हवी.
रोज संध्याकाळी पंधरा मुलं तिच्यापुढे हात टेकतात,
पाय फेकतात वर,
आणि टाचा आपटतात: धप्प, धप्प,
तिनं आजवर एकदाही हूं केलं नाही.

तिच्यावर लाल ठसे.
खाणीचा ट्रक गेला की जी माती
पायऱ्यांवर, चपलांत, टिफिनच्या झाकणावर बसते, तिचे.
खाली लहानग्यांचे, वर दांडग्यांचे,
आणि सगळ्यांत वर, खिडकीच्या गजापाशी,
जोकीम कुलासोची टाच.
तो आता कतारला एसी दुरुस्त करतो.
टाच इथंच आहे.

मला भिंत नव्हती.
मी शिकलो बार्जच्या डेकवर,
सावर्ड्याच्या धक्क्यावर माल भरून होईस्तोवर
खलाशाला दुसरं काम काय?
डेक झुलायचा. मी उलटा.
झुवारी डोक्यावर, आभाळ पायांत,
आणि दहा बोटं लोखंड चाचपत राहायची
आंधळ्यानं नाणं चाचपावं तशी.
एकदा पडलो तो थेट मालाच्या ढिगात.
आठवडाभर कानातून लाल निघत होतं.

म्हणून मी आधी पडायला शिकवतो.
दोन आठवडे नुसतं पडायचं:
हनुवटी आत, पाठ गोल, कोलांटी, उठा.
बाकावरचे पालक एकमेकांकडे बघतात.
पडायचेही पैसे?

रिवणची प्रणिशा वेळीप
दोन वर्षं त्या भिंतीला टाच लावून उभी.
अंगात बळ आहे, माडावर चढते,
पण टाचेला चुना लागला की डोळे मिटते
आणि घरी पोचल्यासारखी सैलावते.
'खांदे कानांना लाव.
बरगड्या आत.
पाठीचं मोयरेचं केळं झालंय, बाय.'
हसते. हसली की पडते.

शिगम्याच्या आधी नगरपालिकेचा रंगारी आला.
पिस्ता रंग, दोन हात.
मी दारात उभा राहून बघितलं.
ब्रश जोकीमपाशी पोचला तेव्हा
मला एक फोन करायचा आहे असं आठवलं.

परतलो तर खडूनं लिहिलेली पाटी:
'भिंत ओली आहे. हात लावू नये.'
प्रणिशानं वाचली, दोनदा.
'आणि पाय, सर?'

मधोमध मॅट ओढली.
चहूकडे नुसती हवा.
ती वर गेली, मी घोटे धरले.
'सोडूं नाकात, सर.'
नाही सोडत.
माझ्या तळव्यात तिची नाडी,
पिशवीत धरलेल्या कोंबडीसारखी.
पकड सैल केली. मग दोन बोटं. मग एक,
नुसतं टेकवलेलं, मनगट दुखत असताना
(डाव्यात पट्टी आहे, स्टीलची, ते तिला ठाऊक नाही).

तेव्हा खालून, रक्त उतरलेल्या तोंडातून आवाज आला:
'हात काडात, सर.
तुमचो हात म्हाका धुकलता.'

तीस वर्षं मी समजत होतो
की सोडणारा मी असतो.

बोट काढलं. एक पाऊल मागे.
ती उभी नव्हती, उभी राहत होती.
नखं पांढरी, मग गुलाबी, मग पांढरी,
बोटं मॅट कुरतडतायत,
मनगट हलतंय, कोपर नाही,
आणि पार वर, दोन मळकी पावलं
कशालाच न टेकता.
बाकावर कुणी तरी चहाचा कप खाली ठेवला.

मग कलली. हनुवटी आत, पाठ गोल,
कोलांटी, उठली.
केसांत मॅटचा भुसा.
'किती झाले, सर? किती?'

मी मोजलंच नव्हतं.
काहीही सांगता आलं असतं.
'परत,' म्हटलं.
भिंत अजून ओली होती.