कागद पांढरा होत जातो

मी डॉक्टर नाही, मशीनवाला.
मुखेडचा सरकारी दवाखाना, खोली नंबर चार.
लाल चिमटा उजव्या हाताला, पिवळा डाव्या,
पायाला काळा, हिरवा,
छातीवर सहा रबरी गोळे.
जेल भर उन्हाळ्यातही गार लागतं,
माणसं दचकतात,
आणि दचकलं की रेघ हलते.

रेघ मला कळते. कळायला नको, नियमात नाही,
पण अकरा वर्षं झाली.
चांगली रेघ म्हणजे एक धाट, मग सपाट रान, पुन्हा धाट.
वाईट रेघ बालाघाट चढते
आणि उतरायचं विसरते.

व्यंकट घोणसेची उतरली नव्हती.
जिनिंगवर काटा करायचा. वय चव्वेचाळीस.
"भजे खाल्लो सकाळी. सोडा पिलो तरी जिरूलालं नाही."
हात पोटावर होता, छातीवर नाही.
तेव्हा आमच्याकडं चिमटे होते, रेघ होती,
गाठ विरघळवायची सुई नव्हती.
गाडी कंधारच्या अलीकडंच होती,
ड्रायव्हरनं नंतर सांगितलं.

वर्षानं वरून एक पत्र आलं.
त्यात 'देशात' हा शब्द सात वेळा. मी मोजला.
पत्रामागून एक डबी, डबीत बोटाएवढी बाटली.
शिंगडे मॅडमनी ती फ्रिजात ठेवली, लसींच्या शेजारी,
आणि दारावर चिठ्ठी डकवली:
इथं चालत यायचं नाही.

रजियाबी मणियार बाजारातून आली ती दाढ काढायला.
जबडा दुखूलालाय, म्हणाली, आणि घाम काऊन येतोय कळंना.
दातांचे डॉक्टर रजेवर होते म्हणून ती वाचली,
असंही म्हणता येतं.
चिमट्यासाठी बांगड्या काढाव्या लागतात.
"फोडू नको बेटा, विकायच्या हैत त्यातल्या निम्म्या."
आणि त्या दुखण्यात स्वतःच मूठ आवळून
एकेक उतरवू लागली.
जन्मभर दुसऱ्यांच्या हातात भरल्या,
उतरवायची सवय नव्हती.
बावीस. मी घड्याळ बघत होतो.

बालाघाट.
फोटो काढून नांदेडला पाठवला.
नऊ मिनिटांनी उत्तर, एकच शब्द: द्या.
मॅडम धावल्या, एक चप्पल दारातच राहिली.
तासाभरानं दुसरी पट्टी काढली
तेव्हा रेघ उतरणीला लागली होती,
पुरती नाही,
अर्धा घाट.

आता ती महिन्याला येते. कधी येत नाही.
"बरं वाटतंय तर गोळी कशाला?"
याचं उत्तर पत्रात नाही.
गोळी दोन महिने आलीच नाही, तेही नाही.
मिश्री सोडली म्हणते. दात वेगळं सांगतात.

शनिवारी बीपीचं मशीन घेऊन फिरतो, तिशीपुढचे सगळे.
आडतीवरचे हमाल दंड पुढं करतात, बघा किती जोर हाय,
आणि एकशे ऐंशी निघालं की हसतात,
मार्क पडल्यागत.
मीठ कमी करा, तंबाखू सोडा, मी सांगतो.
माझी पुडी शर्टाच्या डाव्या खिशात असते,
सांगताना वरून हात ठेवतो.
लोकांना वाटतं, साहेब मनापासून बोलूलालेत.

हा कागद उष्णतेनं काळा होतो
आणि दिवसांनी पांढरा.
झेरॉक्स काढून ठेवा अशी सूचना आहे.
झेरॉक्स मशीन पोळ्यापासून बंद.
व्यंकटची पट्टी फायलीत आहे,
खिडकीशी तिरकी धरली तर घाट दिसतो अजून.
वरच्या आकड्यात तो असेलच,
कुठल्यातरी लाखातला शेवटचा एक.

काल बॉलपेन घेऊन रेघेवरून रेघ ओढायला बसलो.
माथ्यापर्यंत नीट आलं.
पुढं कागदावर काहीच नव्हतं,
पेन तसंच टेकलेलं, शाईचा ठिपका मोठा होत गेला.

बाहेरून कुणीतरी विचारलं, मशीनवाले हैत का?
हाय, म्हणलो. या.
घड्याळ काढून ठेवा.