फोममधली जागा

अल कुझच्या गोदामात
बाहेर सेहेचाळीस, आत एकवीस,
एक अंशही इकडचा तिकडे होता कामा नये.
मी खोक्याचं सील तोडलं
तर आत सील.
शमीर हसला. मग आम्ही हातमोजे घातले.

काळपट हिरवा दगड, तळहाताएवढा.
पाठ गुळगुळीत, ओली वाटावी इतकी;
पोटाखाली मात्र कानशीचे ओरखडे तसेच.
घडवणारा कंटाळला असेल, की मुद्दाम?
सावंतवाडीला, चितारआळीत, बाबा
लाकडी आंब्याच्या देठापाशी लाख कमी लावत.
म्हणत, लाकूड आहे हे कळू दे की कुणाला तरी.

तळाशी सही: त्रिकोण, गळ, टिंबं.
हुदा मॅडमनी नाव वाचलं,
तीनदा, तीन तऱ्हांनी.
बाबांच्या आंब्याखाली
खडूनं किंमत असायची फक्त.

गुरुवारी सील विकला गेला,
अबुधाबीला, नव्या पेटीतून.
जुनं खोकं भंगारात.
मी फोम तेवढा काढून घेतला.

आता खोलीवर, माझ्या बंकच्या कडेला
सीलच्या आकाराचा खड्डा आहे.
रात्री त्यात चष्मा ठेवतो.
नीट बसत नाही.
शेपटीकडे जागा उरते,
डोक्याकडून एक काडी बाहेर येते.

परवा एसी बंद पडला.
चष्म्यासाठी अंधारात हात घातला
तर गार लागलं.
फोम कधी गार लागत नाही.
शमीरला काही बोललो नाही.