सातवा सेल

साकीनाक्याच्या मागे, पत्र्याच्या शेडमध्ये,
शंभर टनी प्रेसखाली काळ्या कातळाचा ठोकळा.
ठोकळ्याला आरपार भोक,
भोकात पाचर मारून घट्ट केलेला सेल,
सेलच्या पोटात ताणलेली एक तार.

दगड आवळला की भोक केसभर चेपतं,
तार तेवढी सैलावते,
छेडली की तेवढा सूर उतरतो.
एवढंच यंत्र. बाकी सगळा हिशेब.

इनास तुस्कानो, वसईचे, एकतीस वर्षं याच शेडमध्ये.
डब्यावरचा आकडा बघण्याआधी
हेडफोन लावून तार ऐकतात.
"आठशे बावीस," म्हणतात.
डबा म्हणतो, आठशे एकवीस पॉइंट सहा.
"डबा नवीन आहे," म्हणतात.

आज अकरा सेल, अकरा ठोकळे.
बोगद्यात जाण्याआधी प्रत्येकाला एकच प्रश्न:
आम्हाला ठाऊक असलेला दाब
तू किती सांगतोस?
पाच टन. दहा. वीस. चाळीस.
मग त्याच पायऱ्या उतरत खाली.
चढताना मी निळ्या शाईने लिहिते, उतरताना लाल.

सातवा चाळीसपर्यंत कुठे चुकला नाही.
प्रेस सोडला, तेल टाकीत परत गेलं,
सातवा मात्र शून्यावर आला नाही.
तीन हर्ट्झ खाली अडकून बसला.
चहा झाला. पुन्हा ऐकलं.
तीनच.

"पाचर सरकली असेल," मी म्हटलं.
"पाचर मी मारलीय," तुस्कानो म्हणाले.
मी रकान्यात लिहिलं: बाद.

दगड घडवून देणारा यल्लाप्पा धोत्रे
बिलाच्या पैशांसाठी दारात उभा होता.
न विचारता आत आला,
ठोकळ्यावर बोटाच्या पेराने दोनदा वाजवलं,
बाटलीतलं पाणी ओतलं आणि थांबला.

पाणी वाळत गेलं. काळा पुन्हा राखाडी झाला.
एक रेघ तेवढी ओली राहिली,
भोकापासून कडेपर्यंत,
शिवणीच्या दोऱ्याएवढी.
"सूत गेलंय," यल्लाप्पा म्हणाला, "तुमच्या दाबाने.
माझ्याकडून निघाला तेव्हा अख्खा होता."

म्हणजे सेल खरंच बोलत होता.
परत आला नव्हता तो दगड.

सातवा दुसऱ्या ठोकळ्यात बसवला,
चढला, उतरला, शून्यावर आला.
मी 'बाद' खोडलं.
दगडासाठी आमच्या वहीत रकाना नाही.

संध्याकाळी तो ठोकळा दाराबाहेर पडला होता.
यल्लाप्पा त्यावर बसून तंबाखू मळत होता,
बिलाची वाट बघत.
त्याच्या भाराचं वाचन
कुणी घेतलं नाही.