तारण

ग्रिम्सबीत माशांचा वास आता फक्त वाऱ्यावर येतो,
गोदीत बोटी फारशा उरल्या नाहीत.
बाजारामागच्या गल्लीत
तीन सोनेरी गोळ्यांच्या पाटीखाली
मी जाड काचेआड बसते
आणि लोकांच्या वस्तू तारण ठेवून घेते.
अंगठ्या, घड्याळं, ड्रिल मशीन,
एकदा तर एकाने कवळीतला सोन्याचा दात.

तारण.
इथे कुणाला सांगू या शब्दाची गंमत?
राहुरीच्या देवळात पपा पुलपिटावरून म्हणायचे,
प्रभू येशूच आपलं तारण,
आणि त्याच आठवड्यात मम्मीच्या पाटल्या
पतपेढीत तारण होत्या, दादाच्या फीसाठी.
मी दुसरीत. मला वाटलं, तोही तिथेच असणार,
लोखंडी कपाटात, पाटल्यांच्या शेजारी,
कापडी पिशवीत, गळ्यात नंबराची चिठ्ठी.
ईस्टरला कबर उघडी सापडली
म्हणजे कुणीतरी मुदतीच्या आत पैसे भरले.
कुणाच्या कर्जापायी ठेवला होता, विचारलं
तर पपा हसले नाहीत.
बराच वेळ चष्मा पुसत राहिले.
मग म्हणाले, "आपल्याच."

टेरेन्स मंबीने जानेवारीत कॉर्नेट आणलं.
चांदीचा मुलामा, तोंडाशी पोचा.
भावाचं, म्हणाला. भाऊ बोटीसकट गेला
आइसलँडच्या बाजूला,
त्या खेपेला हे घरीच विसरला होता.
पंच्याऐंशी पौंड. सहा महिने मुदत.
हात कापत होता, दारूचा वास होता,
आणि सही मात्र शाळेतल्या पोरासारखी सुबक.

मुदतीच्या आदल्या दिवशी मॉरीन कथबर्ट आली,
छत्रीतून पाणी गळतंय,
म्हणाली, मंबीचं कॉर्नेट सोडवायचंय.
मी फॉर्म ओढला. नातं काय लिहू?
"त्याच्या गाडीखाली माझ्या मुलाचा पाय गेला.
त्याला रकाना आहे का?"

नव्हता.

मुद्दल, व्याज, वरची नाणी तिने मोजून दिली.
पाचापाचाच्या नोटा, एकीला बेकरीचं पीठ.
माफ केलंत का, असं मी विचारलं नव्हतं,
तरी तीच म्हणाली,
"रोज सकाळी उठून नव्याने राग येतो.
पण ते वाजत होतं आमच्या गल्लीत.
माझं नाव सांगू नकोस."

मंबी रोज समोरच्या फुटपाथने जातो.
काचेतल्या मुदत उलटलेल्या मालात डोळ्यांनी शोधतो
आणि मान वळवतो.
एकदा मी तशीच, कोट न घालता, रस्ता ओलांडला.
मिस्टर मंबी, ते सुटलंय.
"कुणी सोडवलं?"
ते सांगता येत नाही.
"मग मी किती फेडायचे?"
काही नाही.
"असं नसतं," तो म्हणाला.
खरंच नसतं. वीस वर्षं या खुर्चीत बसून
मीही पाहिलं नव्हतं.
हात खिशात तसेच ठेवून म्हणाला, "उद्या येतो."

त्याला आज अकरा दिवस झाले.

पपा, तुमच्या प्रवचनात हा भाग नव्हता,
किंवा असेल, आणि मी तेव्हा
पुढच्या बाकावरच्या बाईची वेणी बघत असेन.
पै न पै चुकती झाली, वहीवर रेघ ओढली,
आणि सुटलेली वस्तू फळीवरच,
कारण ज्याची, त्याला पटत नाही.
मालक म्हणतो, जागा अडते, हलव ते.
मी ऐकून न ऐकल्यासारखं करते.

दुपारी गिऱ्हाईक नसलं की पेटी उघडते.
वाजवता येत नाही मला,
नुसतं तिन्ही खटक्यांना थेंबथेंब तेल घालते,
आयत्या वेळी अडकू नयेत म्हणून.
दाराची घंटा वाजली की मान वर होते.
आज दोनदा वाजली.
एकदा पोस्टमन.
एकदा दार नीट लागलं नव्हतं.