मोजणी

नगरपालिकेला आकडा हवाय.
लोखंडी कठड्यांचे पैसे मंजूर होतील,
पण आधी मोंतेसोर्दोत पायऱ्या किती, ते कळवा.
म्हणून ओदोरिको खडू घेऊन निघतो
खालच्या वेशीपासून,
जिथे शत्रूवर उकळतं तेल ओतायला ठेवलेल्या भोकांत
आता पाकोळ्या राहतात.
तेल कधी ओतलंच नाही म्हणे.
शत्रू आला, त्यानं मान वर करून चढ बघितला
आणि पुढच्या गावाला गेला.

एक. दोन. तीन.
चौथी पायरी आहे, की नुसताच कातळ?
इथे डोंगर अधूनमधून आपणहून पायरी झालाय,
कुणी छिन्नी न लावता.
ओदोरिको घुटमळतो,
मग तिच्यावरही रेघ ओढतो.

एर्सीलिया दारात वाटाणे सोलत बसलीय.
"किती झाल्या?"
"एकशे सत्तावीस."
"चूक. एकशे एकतीस.
गॅसचं सिलिंडर खांद्यावर घेऊन ये एकदा,
एकही सुटणार नाही."
मग शेंगांकडेच बघत म्हणते,
"आई झऱ्यावरून तांब्याची कळशी डोक्यावर आणायची.
तिला नाही विचारलं कुणी."

पुढे क्वींतीनो आणि तुल्लियोची दारं,
समोरासमोर, मध्ये एकच दगड.
अकरा ऑलिव्हच्या झाडांवरून
थोरला म्हणाला होता, तुझी पायरी चढणार नाही.
आणि पायरी तर दोघांची मिळून एकच.
चौतीस वर्षं क्वींतीनो
मागच्या बाजूने शिडी लावून
स्वयंपाकघराच्या खिडकीतून घरात जातो.
आता अठ्ठ्याहत्तरचा आहे.
शिडीला या वर्षी नवा रंग दिलाय, हिरवा.
ओदोरिको दगडावर अर्धी रेघ ओढतो,
आजूबाजूला बघतो,
उरलेली अर्धीही ओढतो.

वर वर जावं तशी दारं बंद.
कुलपांवर गंज, उंबऱ्यात रानबडीशेप.
ही माणसं बेल्जियमला गेली, कोळशाच्या खाणींत.
तिथेही उतरणंचढणंच होतं,
फक्त घर वरच्या टोकाला नव्हतं.
पायऱ्या मात्र मधोमध तशाच खोलगट,
जड माणूस उठून गेल्यावर
गादी राहते तशा.
एकीत कालचं पाणी आहे.
मांजर पितंय. ते हलत नाही,
ओदोरिको तिला वळसा घालून मोजतो.

दोनशे अठ्ठ्याऐंशी. दोनशे एकोणनव्वद.
संत रोक्कोच्या देवळाला जिना कोपरात वळतो.
दोन्हीकडे भिंती, इतक्या जवळ
की शवपेटी आडवी वळत नाही.
उभी करावी लागते.
म्हणून मोंतेसोर्दोत मेलेला प्रत्येक माणूस
इथे एकदा परत उभा राहतो,
चौघांच्या आधाराने,
दरीकडे तोंड करून,
दम खायला थांबल्यासारखा.
मग खाली जातो.

फेब्रुवारीत बाबा उभे राहिले होते इथे.
दगडांवर बर्फ होतं. ओदोरिको पायाकडच्या बाजूला.
आत काहीतरी सरकलं,
बहुतेक बूट. एक नंबर मोठे होते,
आईनं हट्टानं तेच घातले.
चौघांपैकी कुणीतरी म्हणालं, सावकाश, सावकाश,
आणि ते कुणाला म्हणाला
हे कुणालाच कळलं नाही.

दोनशे...

तो पुढे किल्ल्यापर्यंत जातो, तसाच, न मोजता.
वर छप्पर नाही. अंजिराची तीन झाडं,
मोबाईलचा मनोरा, वारा.
खाली सगळा जिना दिसतो,
कुणी घाईत सोडून दिलेल्या विणकामासारखा.

उतरताना उलटे मोजू म्हणतो.
पण एर्सीलियानं आपलं अंगण झाडलंय,
पायऱ्या पाण्यानं पुसल्यात.
त्याच्या बावीस रेघा गेल्या.
मुद्दाम नाही. ती रोज संध्याकाळी पुसते.

रात्री टेबलावर अर्ज.
एकूण पायऱ्या: तो पेन टेकवतो, उचलतो.
जागा कोरीच ठेवतो.
कठडा नेमका कुठे हवा: वळणावर.
कारण:
त्या रकान्यात एकच ओळ मावते.
तो लिहितो,
चौघांनाही धरायला काहीतरी लागतं.